नव्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग : घ्यावं की नको?



पाडवा आणि अक्षय तृतीया आली की आपल्याकडे नव्या गाड्या येतात. मॉडेल कोणतं, रंग कोणता, हप्ता किती, यावर घरात महिनाभर चर्चा चालते. सिरॅमिक कोटिंगचा निर्णय मात्र शोरूममध्ये, शेवटच्या सहीच्या वेळी, पाच मिनिटांत होऊन जातो. बारा लाखांच्या बिलात वीस-पंचवीस हजार कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. घरी आल्यावर तेच पैसे मुलाच्या क्लासची फी किंवा सासूबाईंच्या मोतीबिंदूचा खर्च असतात. म्हणून हा विषय ‘पुरुष बघून घेतील’ म्हणून सोडू नये. माझं मत आधीच सांगते. आपल्या खंडाळ्यातल्या बहुतेक घरांना शोरूममधलं हे कोटिंग घ्यायची गरज नाही.

आधी ते आहे काय ते बघू. रेतीत जी सिलिका असते, तिच्यापासून तयार केलेला हा एक द्रव. गाडी घासूनपुसून, पॉलिश करून तो हाताने लावतात. तो रंगाला धरून वाळतो आणि त्यावर पाणी थांबत नाही. नव्या नॉनस्टिक तव्यावर थेंब पळतात ना, तसंच. त्यामुळे चिखल कमी चिकटतो आणि धुणं सोपं होतं. एवढं अगदी खरं आहे.

पण जाडी ऐका. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला सगळ्यांत वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाहून पातळ. आणि कोटिंग? एखाद-दोन मायक्रॉन. ही कल्हई आहे हो! कल्हई केली की पितळेच्या पातेल्यात ताक कळकत नाही. पण पातेलं हातातून पडलं तर पोचा यायचा तो येतोच. आणि कल्हई पुन्हा पुन्हा करावी लागते.

एशियन पेंट्सचा मोठा कारखाना २०१३ पासून आपल्या खंडाळ्यात आहे, त्यामुळे रंग हा विषय आपल्याला परका नाही. तो भिंतींचा रंग. गाडीचा रंग त्याहून वेगळा. तो भट्टीत तापवून पक्का केलेला असतो आणि वर्षानुवर्षं ऊन खायचं हे धरूनच बनवलेला असतो. ‘कोटिंग नसेल तर दोन वर्षांत रंग उडेल’ असं कुणी सांगितलं, तर शेजारच्यांची आठ-दहा वर्षांची गाडी नीट बघून या.

दुसरा शब्द तुमच्यावर टाकला जाईल तो ‘नाइन एच’. ऐकायला हिऱ्याची जात वाटते. प्रत्यक्षात ती पेन्सिलची परीक्षा आहे. मुलांच्या दप्तरात एचबी पेन्सिल असते ना, त्याच मालिकेतली फार कडक पेन्सिल म्हणजे नाइन एच. ती घासली तरी ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरचा खडा पेन्सिलीच्या मापाने येत नाही.

आणि आपल्या गाड्यांना खरा त्रास खड्यांचाच आहे. खंबाटकी चढताना पुढे डंपर असला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. शिरवळच्या एमआयडीसीकडे जाणारे ट्रक, खडीची वाहतूक. उडालेला खडा बॉनेटवर बसला की कोटिंगसकट रंगाचा टवका जातो. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत हे बहुधा लिहिलेलंही असतं, आणि दरवर्षी पैसे भरून तपासणी करून घेतली तरच वॉरंटी चालू राहील हेसुद्धा. खड्याला थोडंफार अडवते ती पारदर्शक फिल्म. ती १५०-२०० मायक्रॉन जाड असते. पूर्ण गाडीला लावायची तर खर्च फार. ज्यांना रोज हायवेने सातारा किंवा पुणे गाठायचं आहे, त्यांनी फक्त बॉनेट आणि पुढच्या बंपरपुरती तिची चौकशी करावी. डंपरपासून अंतर ठेवायला तर काहीच पडत नाही.

रंगावरची बाकीची बरीच खराबी घरातच होते. सकाळी कोरडं फडकं घेऊन गाडी झटकायची ही सवय सगळीकडे दिसते. धुळीत खडीचा चुरा असतो, म्हणजे आपण रोज बारीक पॉलिश पेपरच फिरवतो. उन्हात गाडी काळी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा चमकतात, त्या याच. आधी पाणी सोडून धूळ उतरवायची, मग मऊ मायक्रोफायबरने पुसायचं. बोअरच्या पाण्याचंही तसंच. नळाच्या तोटीवर पांढरे क्षार बसतात तेच गाडीवर बसतात, आणि कोटिंग असलं तरी थेंब वाळला की डाग राहतो. काही जणी आरओचं वाया जाणारं पाणी जपून ठेवून गाडी धुतात. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार जास्त असतात. त्याने फरशी पुसा, गाडी नको.

कोटिंगच्या बाजूनेही बोलायला हवं. आपला तालुका कमी पावसाचा, आणि पाण्याचा जीव जपायचं तर आपल्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. कोटिंगच्या गाडीला एक-दोन बादल्या पुरतात, हा फायदा मला महत्त्वाचा वाटतो. गाडी कायम झाडाखाली उघड्यावर असेल, पक्ष्यांची विष्ठा पडत असेल, तर कोटिंगमुळे ती पुसून काढायला थोडा जास्त वेळ मिळतो. कोटिंगच्या द्रवात प्राणिज काही सहसा नसतं. विचारायचं ते बाकीच्या सामानाबद्दल. काही वॅक्समध्ये मधमाशांचं मेण असतं, पॉलिशचं पॅड मेंढीच्या लोकरीचं असू शकतं आणि पाणी टिपायचं ‘शामॉय’ म्हणजे बऱ्याचदा खरं कातडं. मिठाईत जिलेटिन आहे का हे आपण निःसंकोच विचारतो, तसंच इथेही विचारावं. फोमचे पॅड आणि मायक्रोफायबर सर्रास मिळतात.

एक गोष्ट मात्र मला टोचते. विकणारा मोठ्या कौतुकाने सांगतो, ‘रात्रीच्या प्रवासात पुढे चिकटलेले किडे एका फवाऱ्यात निघतात.’ खरंच निघतात. वाळलेल्या किड्यांनी रंगावर डाग पडतो, हेही खरं. पण आपण ते ऐकून मान डोलवायची? चातुर्मासात दिव्यांवर किती किडे येतात हे आपण घरात बघतो, म्हणून तर रात्री चूलसुद्धा बंद ठेवतो. मग बाहुबलीचं दर्शन, लग्नं, माहेर, हे पावसाळ्यात दिवसा उजेडी का जमू नये? पहाटे अंधारात निघायची हौस घरातल्या पुरुषांनाच फार असते, असा माझा अनुभव आहे. रात्री निघावंच लागलं तर वेग कमी ठेवायला सांगा. डाग कमी पडतीलच, पण मी ते डागासाठी सांगत नाहीये.

शोरूममध्ये काय करायचं? कोटिंगची रक्कम बिलात आधीच धरलेली असेल तर ती काढायला सांगा. ती सक्तीची नसते. गाडी देण्याआधी कोरडं पुसू नका, हेही सांगून ठेवा. घ्यायचंच ठरलं तर घाई करू नका. दोन-तीन महिने गाडी वापरा, मग दोन ठिकाणी भाव विचारा आणि काम किती तासांचं आहे ते विचारा. पॉलिश करताना क्लिअर कोट थोडा घासला जातो आणि तो परत येत नाही, म्हणून नव्या गाडीवर जोरकस पॉलिश करू देऊ नका. लावल्यावर पहिला आठवडाभर गाडी धुवायची नसते.

तुमच्यापैकी कुणी कोटिंग करून दोन-तीन पावसाळे काढले असतील, तर पाणी अजून तसंच घरंगळतं का ते जरूर लिहा.