शेवटची वीस पावलं

दोस्तांनो, गेल्या आठवड्यातला कॅरमचा ‘कट’ जमला का? आज आपण बोर्ड गुंडाळून ठेवू आणि मोठ्या मैदानावर जाऊ. आजचा खेळ आहे गोल्फ. ‘तो श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय करायचाय!’ असं घरात कुणीतरी म्हणेलच. त्यांचं अगदीच चूक नाही. पण आधी एका शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट ऐका.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर पेद्रेन्या नावाचं गाव आहे. तिथे १९५७ साली सेवे बायेस्तेरोस जन्मला. गावात गोल्फचं मैदान होतं. पण सेवे तिथे जायचा तो लोकांच्या पिशव्या वाहायला. अशा मुलाला कॅडी म्हणतात. कॅडीनं पिशवी उचलायची, खेळायचं दुसऱ्यांनी! मोठा भाऊ मॅन्युएल यानं त्याला एक जुना क्लब दिला. क्लब म्हणजे चेंडू मारायची काठी. खेळाडूच्या पिशवीत असे चौदापर्यंत क्लब असतात. सेवेकडे होता एक, तीन नंबरचा. तो घेऊन पठ्ठ्या समुद्रकिनाऱ्यावर जायचा आणि चेंडू नसला की खडे मारायचा.

आता यातली गंमत समजून घ्या. लोखंडी क्लबाचा नंबर जितका लहान, तितकं त्याचं तोंड उभं. चेंडू लांब जातो, पण फार उंच उडत नाही. उंच उडवून जवळच टाकायचा असेल तर वेज नावाचा, तोंड खूप कललेला क्लब घेतात. सेवेकडे वेज कुठून येणार? मग तो तीन नंबरचंच तोंड हातानं फिरवून आडवं करायचा आणि वाळूतून खडा अलगद उचलायचा. कधी उंच, कधी सरपटत, कधी वळवून. एका काठीत त्यानं बाराजणींचं काम करून घेतलं म्हणा ना!

१९७६ साली इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेल मैदानावर ब्रिटिश ओपन स्पर्धा झाली. सेवे तेव्हा एकोणीस वर्षांचा. तीन दिवस संपले तेव्हा हा पोरगा दोन फटक्यांनी पुढे! चौथ्या दिवशी मात्र त्याचा खेळ बिघडला आणि अमेरिकेचा जॉनी मिलर सहा फटक्यांनी जिंकला. आता प्रश्न दुसऱ्या नंबरचा होता. महान जॅक निकलॉसशी बरोबरी साधायची तर शेवटच्या होलवर एक फटका वाचवायला हवा होता. आणि चेंडू पडला होता ग्रीनच्या बाहेर, डावीकडे. (ग्रीन म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ.) मध्ये वाळूचे दोन खड्डे, म्हणजे बंकर. त्या दोहोंच्या मधून जेमतेम एक चिंचोळी वाट.

तुम्ही काय केलं असतं? बहुतेकांनी चेंडू बंकरवरून उडवला असता. पण त्या वर्षी इंग्लंडात कडक उन्हाळा पडला होता. जमीन वाळून टणक झाली होती. वरून पडलेला चेंडू टप्पा घेऊन लांब पळाला असता. सेवेनं चेंडू उडवलाच नाही. दोन बंकरांच्या मधल्या वाटेनं त्यानं तो टप्प्याटप्प्यानं सरपटत पाठवला, होलच्या अगदी जवळ. पुढचा छोटा फटका आत, आणि निकलॉसशी बरोबरी! तीनच वर्षांनी, १९७९ साली, त्यानं तीच स्पर्धा जिंकली. पुढे १९८४ आणि १९८८ सालीही.

या सरपटी फटक्याला चिप म्हणतात. त्यात ताकद लागत नाही, म्हणून मला तो सगळ्यात आवडतो. अडीचशे मीटर फटका मारणारा दांडगट आणि सहावीतली किरकोळ मुलगी, ग्रीनच्या काठावर दोघं सारखीच.

करायचं कसं? दोन्ही पाय जवळ ठेवा. उजव्या हाताचे खेळाडू असाल तर अंगाचा भार डाव्या पायावर, चेंडू उजव्या पायाच्या बाजूला जरासा. हात चेंडूच्या थोडे पुढे. आता खांदे हलवून घड्याळाच्या लंबकासारखा छोटा झोका. मनगट मोडायचं नाही!

सगळ्यांची चूक इथेच होते. चेंडू वर जावा म्हणून आपण त्याला भातवाढीसारखं खालून उचलायला जातो. मग एक तर क्लब आधी जमिनीत रुततो आणि चेंडू दोन पावलांवर थांबतो. नाहीतर क्लबाची धार चेंडूच्या पोटावर बसते आणि तो ग्रीन ओलांडून पलीकडे पसार होतो. अरे, उचलायचं काम क्लबाच्या कललेल्या तोंडाचं आहे. तुम्ही खालच्या दिशेनं मारा, तो आपोआप वर येतो.

दुसरी गोष्ट नजरेची. होलकडे बघून मारू नका. चेंडूचा पहिला टप्पा कुठे पडणार ती जागा आधी ठरवा, शक्यतो ग्रीनवर एक पाऊल आत. आठ नंबरनं मारलात तर चेंडू थोडाच उडेल आणि बराच घरंगळेल. सँड वेजनं मारलात तर साधारण अर्धा हवेत, अर्धा जमिनीवर. मध्ये अडथळा नसेल तर घरंगळवाच. जमिनीवरून जाणारा चेंडू फसला तरी थोडाच फसतो.

आणि क्लब नसेल तर? तरीही सुरुवात करता येते. अंगणात एक जुनी स्टीलची ताटली ठेवा. सात-आठ पावलांवरून रबरी चेंडू खालच्या हातानं असा टाका, की पहिला टप्पा ताटलीत ‘टण्’ वाजला पाहिजे. नंतर चेंडू किती पळतो ते मोजा. मग ताटली पुढेमागे करा. फरशीवर वेगळं, मातीवर वेगळं, हे चार दिवसांत हाताला कळायला लागेल. दहापैकी सहा टण् झाले तर समजा हात बसतोय.

आईबाबांसाठी एक सांगतो. अली शेर हाही आधी दिल्लीत कॅडीच होता. १९९१ साली तो इंडियन ओपन जिंकला, आणि १९९३ साली पुन्हा. तेव्हा ताटलीच्या आवाजाला लगेच वैतागू नका.

मात्र खरा क्लब हातात आला तर आधी मागे वळून बघा. धाकटी भावंडं नेमकी तिथेच उभी असतात.