थंडीच्या काट्यावर क्ष-किरण

खंडवा रस्त्याने विद्यापीठाच्या आवारावरून नित्य जाणाऱ्या इंदूरकरांपैकी किती जणांस ठाऊक असेल की, तेथे उणे २६९ अंशांचे द्रव तयार होते? विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन केंद्रात हेलियम वायू द्रवरूप करून त्याच्या थंडाव्यात पदार्थांचे गुणधर्म तपासले जातात. १९११ साली लायडेन येथे कामरलिंग ओनेस यांनी अशाच थंडाव्यात पारा नेला, तेव्हा त्याचा विद्युत्-रोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता.

वाचक म्हणतील, आकाशातील क्ष-किरणांशी हिचा संबंध काय? हे किरण वातावरणात शोषले जातात. म्हणून १९६२ साली जियाकोनी प्रभृतींनी अग्निबाण वर धाडला आणि वृश्चिक राशीतील पहिला दूरस्थ क्ष-किरणस्रोत सापडला. आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वर २०१५ साली मुंबईच्या टाटा संस्थेची मृदू क्ष-किरण दुर्बीण गेली. तिचा कॅमेरा सुमारे उणे ८० अंशांवर ठेवलेला. काम उत्तम, परंतु ऊर्जेच्या अगदी निकटच्या छटा अशा कॅमेऱ्यात मिसळून जातात. कंदिलाच्या उजेडात दोन महेश्वरी साड्यांच्या जांभळ्या रंगांतील फरक कळू नये, तशी ती गत. आणि तारकांमधील वायू किती वेगाने वाहतो, हे तर त्या छटाच सांगतात.

यावर तोड म्हणजे किरणाची उष्णता मोजणे. अतिसंवाहक धातूचा पातळ पापुद्रा निरपेक्ष शून्याच्या निकट, रोध असणे आणि नसणे यांच्या ऐन काठावर धरून ठेवतात. सराफाच्या तराजूचा काटाच म्हणा! एक किरण पडला की तापमान किंचित वाढते आणि रोध झपाट्याने बदलतो. त्या बदलावरून किरणाची ऊर्जा कळते. चित्र उमटण्यासाठी असे पापुद्रे रांगांनी मांडावे लागतात.

उष्णता मोजण्याच्या या मार्गावर जपानी व अमेरिकी शास्त्रज्ञांनी सिलिकनच्या तापमापकांनिशी सोसले ते विलक्षण आहे. २००० साली उपग्रह कक्षेत पोहोचलाच नाही. २००५ साली पोहोचला, तर काही आठवड्यांतच हेलियम उडून गेले. २०१६ सालचा ‘हितोमी’ महिना-सव्वा महिन्यात मोडला. मात्र त्यापूर्वी ययाति तारकासमूहातील दीर्घिकागुच्छाच्या वायूची खळबळ सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर, म्हणजे अपेक्षेहून मंद आहे, एवढे सांगून गेला. २०२३ सालच्या ‘क्रिझम’ने अखेर यश दिले. त्यावर ३६ तापमापक आहेत, निरपेक्ष शून्याच्या अवघा विसावा भाग अंश वर. त्याचेही संरक्षक झाकण उघडले नाही ते नाहीच, त्यामुळे मंद ऊर्जेचे किरण आत येत नाहीत. तरी काम चालले आहे. इतक्या चिकाटीची माणसे आम्हांस वंदनीय वाटतात.

अतिसंवाहक पापुद्र्यांची पाळी त्यानंतरची. १२८ पापुद्र्यांचे अमेरिकी उपकरण २०१८ साली अग्निबाणातून गेले, पण नेम चुकला; २०२२ साली त्याने शर्मिष्ठेतील स्फोट पावलेल्या ताऱ्याचे अवशेष काही मिनिटे न्याहाळले. युरोपच्या ‘न्यू-अथेना’वर दीड हजारांच्या आसपास असतील, उड्डाणाचा बेत २०३७चा.

भारतीय उपग्रहावर असे उपकरण अद्याप चढलेले नाही. मात्र अतिसंवाहक नायोबियमच्या पोकळ्या इंदुरातच, सुखनिवासाजवळच्या राजा रामण्णा केंद्रात, कणत्वरकांसाठी घडतात. आमच्या शाळेतील आजची सहावीची मुले २०३७ साली तेविशी-चोविशीत असतील. त्यांच्या पालकांनी त्यांस एकदा तरी या प्रयोगशाळा दाखवाव्यात, एवढी आमची विनंती आहे.