प्रयोग बंद करू नका, पाकीट वाचा



गेल्या रविवारी स्वाध्यायानंतर दोघी-तिघींनी मला चांगलंच सुनावलं. "स्वयंपाकघर म्हणजे काय प्रयोगशाळा आहे? अन्नाशी खेळ कशाला?"

निमित्त मीच दिलं होतं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीसाठी परदेशातून रंगीत सरबताच्या प्रयोगाचा संच आला. मुलांनी ढवळलं, प्यायलं, टाळ्या पिटल्या. पाकीट टाकताना मी बारीक अक्षरं वाचली : ई १२०. म्हणजे कार्माइन, निवडुंगावरचे कोचिनियल किडे वाळवून, कुटून काढलेला लाल रंग. लेक रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, मी किडे प्यायले?" पाठशाळेत त्रस जीव शिकलेली पोर. काय उत्तर देऊ?

चूक माझी. मी आधी वाचलं नाही. पण म्हणून प्रयोगच बंद, हे मला मान्य नाही. उद्या केकवर, गोळीत, जेलीत तोच रंग येईल, नाहीतर हाडा-कातड्यातून काढलेलं जिलेटिन येईल. "का?" विचारायची सवय मोडलेलं मूल ते कसं ओळखणार?

आचार्य समंतभद्रांनी 'आप्तमीमांसे'त खुद्द आप्ताचीही परीक्षा मांडली. आपण मात्र मुलांना सरबताची परीक्षा करू देत नाही!

मग आम्ही आपल्याच घरातल्या वस्तू घेतल्या. गोकर्णीची निळी फुलं, शक्यतो गळून पडलेली, मुंगी आहे का पाहून, धुऊन, गाळून उकळलेल्या पाण्यात पाच मिनिटं. पाणी निळं झालं. (फक्त फुलंच. बिया नकोत, मुळं तर आपण तशीही घेत नाही.) लिंबू पिळलं की जांभळं, आणखी पिळलं की गुलाबीकडे. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा, की हिरवट. आमसुलाच्या पाण्यात सोडा टाकला की लाली जाऊन ते काळपट होतं. आंबट आणि सोडा यांच्याप्रमाणे त्या फुलाफळांतलं रंगद्रव्य आपलं रूप बदलतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तर आपण रोज धुण्यात पाहतो. कधी मुलांना बोलावून दाखवलं का?

लेकीने विचारलं, "मग खरा रंग कुठला?" अनेकांतावर घरात एवढी चर्चा याआधी कधी झाली नव्हती.

अन्नाच्या नासाडीचं म्हणाल, तर आमचा नियम एकच : जे ढवळाल ते प्यायचं. म्हणून घेतानाच थोडं, अर्धी वाटी. शेवटी ताट धुऊन पितो तसा पेलाही धुऊन प्यायचा. आणि सगळं सूर्यास्ताआधी. आता मुलं स्वतःच मोजून घेतात. हा संयम त्यांना माझ्या ओरडण्याने आला नव्हता.

आता दुकानात लेक माझ्या आधी पाकीट उलटं करते. परवा एक गोळ्यांचं पाकीट तिने न सांगता परत ठेवलं. धर्म भीतीने पाळला तर तो आईची पाठ वळेपर्यंतच टिकतो. समजून पाळला तर दुकानातही सोबत येतो.

तेव्हा काकूंनो, रागावा माझ्यावर. पण मुलांच्या हातातला पेला काढून घेऊ नका.