दारातली पायरी आणि दारावरचा माणूस

नाट्यगृह कोणत्याही शहरातील घ्यावे, रविवारच्या दुपारच्या प्रयोगाआधीचे हे दृश्य फारसे बदलत नाही. सत्तरी ओलांडलेल्या आईला चाकांच्या खुर्चीतून घेऊन मुलगा आलेला असतो. तिकीट आठवडाभर आधी काढलेले असते. तिसऱ्या रांगेचे, पूर्ण दराचे. प्रवेशद्वाराशी तीन पायऱ्या असतात. लिफ्ट असते, पण तिला कुलूप असते, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो आत्ताच कुठेतरी गेलेला असतो. दारावरचा कामगार सांगतो, ‘‘आजींना उचलून आत न्या. खुर्ची बाहेरच ठेवा. वाटेत खुर्ची ठेवायची नाही, असा नियम आहे.’’ मुलाचा आवाज चढतो, मग कामगाराचाही चढतो. मागे खोळंबलेली माणसे घड्याळाकडे पाहू लागतात. तिसरी घंटा होते. अखेर आईच म्हणते, ‘‘राहू दे रे. घरी जाऊ या.’’

या प्रसंगात सर्वांत क्लेशकारक काही असेल तर ते हे अखेरचे वाक्य. जिच्यावर अन्याय झाला तिलाच, आपण इतरांच्या आनंदात विघ्न आणले, असे वाटू लागते. आयुष्यभर तिकिटे काढून मराठी रंगभूमी ज्यांनी जगवली, त्यांचे गुडघे थकताच तीच रंगभूमी त्यांना दारातून परत पाठवते, आणि याची नोंद कोठेही होत नाही.

कायद्याच्या दृष्टीने ही आई कोणाची कृपा मागत नव्हती. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला सर्वंकष केंद्रीय कायदा झाला. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घेतली. या कायद्याने ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दाच्या व्याख्येत सांस्कृतिक कार्यक्रमांच्या आणि करमणुकीच्या वास्तूंचा समावेश केला आहे, मग त्या सरकारी असोत वा खासगी. कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम पाळल्याखेरीज नव्या बांधकामाला परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी कलम ४५ ने नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. ते नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले; म्हणजे ही मुदत २०२२ सालीच उलटून गेली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेची मानके निव्वळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्यास केंद्र सरकारला फर्मावले. दरम्यानच्या काळात सरकारी कागदांतून ‘अपंग’ हा शब्द गेला आणि ‘दिव्यांग’ आला. पायऱ्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

पायऱ्यांचे गणितही समजून घेतले पाहिजे, कारण फसवणूक तेथूनच सुरू होते. चाकांच्या खुर्चीसाठीच्या उतरणीचे प्रमाण एकास बारा असावे लागते. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर उंची. तिच्यासाठी उतरण किमान ५.४ मीटर लांब हवी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दीड-दोन मीटरचा सिमेंटचा घसरता तुकडा टाकून काम उरकले जाते. त्यावरून खुर्ची चढवायला दोन माणसे लागतात आणि उतरवताना ती उलटण्याचे भय असते. कागदावर उतरण झालेली असते, दाखला मिळालेला असतो. स्वच्छतागृहाच्या दारावर खुर्चीचे चित्र रंगवलेले असते. आत झाडू, बादल्या आणि मोडकी आसने रचलेली असतात. ज्यांना दिसत नाही वा ऐकू येत नाही त्यांची कथा तर आणखी वेगळी. चित्रपटगृहांत त्यांच्यासाठी दृश्यांचे श्राव्य वर्णन आणि पडद्यावरील मजकूर असावा यासाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने मार्गदर्शक तत्त्वे काढली ती मार्च २०२४ मध्ये, म्हणजे मूळ कायद्यानंतर सात वर्षांहून अधिक काळाने.

आता त्या दारावरच्या माणसाकडे वळू. प्रेक्षकाचा सारा संताप त्याच्यावर कोसळतो. तो उद्धट आहे, त्याला माणुसकी नाही, असे म्हणत लोक घरी जातात. त्याच्या बोलण्यात कधी कधी उद्दामपणा असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो तेथे कोणत्या परिस्थितीत उभा आहे, हेही पाहिले पाहिजे. बहुधा तो ठेकेदाराकडून आलेला असतो. या महिन्यात या दारावर, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. खुर्ची कोठे ठेवू नये हे त्याला सांगितलेले असते. कोठे ठेवावी हे कोणीही सांगितलेले नसते. लिफ्टची किल्ली त्याच्या हाती नसते. एखाद्याने नियम बाजूला ठेवून मदत केलीच, तर त्याचे कौतुक होईल की दिवसाची मजुरी कापली जाईल, याची त्याला खात्री नसते. दुकाने व आस्थापनांतील कामगारांना कामाच्या वेळी बसण्याची सोय मिळावी यासाठी केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली कायद्यात दुरुस्ती केली. म्हणजे तासन्‌तास उभ्या असलेल्या श्रमिकाला साधे स्टूल मिळावे म्हणूनही या देशात कायदा करावा लागतो. ज्याला स्वतःला बसायला खुर्ची नाही, त्याला दुसऱ्याच्या खुर्चीसाठी जागा करण्याचे शिक्षण कोणी द्यायचे? दारात भांडणारे हे दोघेही एकाच व्यवस्थेचे बळी आहेत, आणि ज्याने ही व्यवस्था केली तो त्या वेळी दारात हजर नसतो.

ज्या नियमाचा तो आधार घेतो, तो नियमही तपासावा. वाट मोकळी हवी, हे खरेच आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला आग लागली आणि ५९ माणसे मृत्युमुखी पडली. बाहेर पडण्याच्या वाटा तेथे अडल्या होत्या. पण त्या कोणा अपंगाच्या खुर्चीने नव्हे, जादा उत्पन्नासाठी वाढवलेल्या आसनांनी. सुरक्षितता आणि सुगम्यता यांच्यात विरोध असल्याचे जे भासवले जाते, ते त्यामुळेच खोटे आहे. रांगेच्या कडेची दोन-चार पक्की आसने काढली की वाटही मोकळी राहते आणि चाकांच्या खुर्चीलाही जागा होते. विरोध आहे तो त्या दोन-चार तिकिटांच्या उत्पन्नाशी. शिवाय संकटकाळी ज्याला पायऱ्या उतरता येत नाहीत त्याने बाहेर कसे पडावे, याचे उत्तर ज्या नाट्यगृहापाशी नाही, ते कोणासाठीच सुरक्षित म्हणता येणार नाही.

‘असे प्रेक्षक येतात तरी किती?’ हा व्यवस्थापनाचा ठरलेला प्रश्न. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली होती; वार्धक्याने पाय थकलेले बहुसंख्य लोक तर या संख्येत धरलेलेच नाहीत. ते नाट्यगृहात दिसत नाहीत याचे कारण त्यांना नाटक आवडत नाही, हे खासच नव्हे. विहिरीवर दोर ठेवायचा नाही आणि कोणी पाणी शेंदत नाही म्हणून विहिरीची गरज नाही असे म्हणायचे, तशातला हा युक्तिवाद. तोट्याचे कारणही टिकणारे नाही. महाराष्ट्रातील कित्येक नाट्यगृहे महापालिका आणि नगरपालिका यांच्या मालकीची आहेत. ती जनतेच्या पैशांवर उभी राहिली आणि त्या जनतेत ही आईही आहे.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. राजर्षी शाहूंच्या आश्रयाने १९१५ साली उभी राहिलेली ही वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाली आणि सारा महाराष्ट्र हळहळला. तिच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेतले गेले. जे जसे होते तसेच पुन्हा उभे करावे, ही भावना समजण्याजोगी आहे. पण शाहू महाराजांचा वारसा दगडी भिंतींपुरता नाही. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांना आत आणणे, हाही तो वारसा आहे, आणि कोणतेही नाट्यगृह नव्याने बांधताना त्याची कसोटी हीच असावी. प्रेक्षागृहाइतकेच हे रंगमंचाला आणि रंगपटालाही लागू आहे, कारण अपंग माणूस हा फक्त प्रेक्षकच असेल असे नाही, तो नटही असू शकतो.

कार्यकर्त्यांना येथे करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी मोठ्या मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावच्या नाट्यगृहात चाकांच्या खुर्चीतील एका माणसाला सोबत घेऊन जावे, फूटपट्टीने उतरण मोजावी, लिफ्टची किल्ली मागावी, स्वच्छतागृह उघडायला लावावे. पूर्णत्वाचा दाखला कोणत्या आधारे दिला गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. मागण्यांच्या निवेदनात उतरणीबरोबर दारावरच्या कामगाराचेही नाव यावे: त्याला कायम नोकरी, बसायला जागा, कामाचे शिक्षण आणि लिफ्टची किल्ली. तो शत्रू नव्हे, या लढ्यातील साथी आहे, हे त्यालाही कळू द्यावे.

आणि एक गोष्ट स्वतःलाही विचारून पाहावी. समतेच्या गोष्टी जेथे बोलल्या जातात ती पक्षाची कार्यालये, शिबिरांची सभागृहे, वाचनालये पुष्कळ ठिकाणी अरुंद जिन्यावरून पहिल्या मजल्यावर जातात. ते जिने चढू न शकलेले किती साथी खालूनच परत गेले, याची नोंद आपल्याही वहीत नाही. पालिकेला निवेदन द्यायला निघण्यापूर्वी आपली पुढची सभा तळमजल्यावर घेतली, तर त्या निवेदनातील शब्दांना अधिक वजन येईल.