ताईला टोचायचे का?

धाकट्याला सहा महिन्यांत तीनदा न्यूमोनिया झाला. राजगुरुनगर-चाकण फेऱ्या चालूच होत्या. घरचे म्हणत, नजर लागली. दवाखाना म्हणे, अशक्त आहे, टॉनिक द्या. अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे जुने कागद चाळून एका आकड्यावर बोट ठेवले. लिम्फोसाइट या लढाऊ पांढऱ्या पेशी. तान्ह्या बाळात त्या ३००० च्या खाली असल्या तर शंका घ्यावी. हा आकडा प्रत्येक कागदावर होता. आम्ही बी.कॉम., जन्म आकडेमोडीत गेला, पण कधी विचारले नाही!

परळला केईएमच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्थेत निदान झाले: ‘स्किड’. जन्मतःच प्रतिकारशक्ती नाही. अशा बाळाला बीसीजीसारखी जिवंत जंतूंची लसही बाधू शकते. (इतरांनी मात्र लसी चुकवू नयेत.) इम्युनोग्लोब्युलिनची बाटली दर महिन्याला चढवून वेळ मिळतो, आजार जात नाही. त्याला मज्जारोपण हवे. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आमची सात वर्षांची ताई जुळली.

मग घरात वाद. “धडधाकट पोरीला कशाला टोचता?” मामांनी विचारले. प्रश्न खोटा नव्हता. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते, हे आम्ही डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतले. खर्चासाठी २०२१ चे दुर्मिळ आजार धोरण आहे. २०२२ पासून मदत ५० लाखांपर्यंत, पण ठरावीक रुग्णालयांतूनच. केईएम त्यात आहे. कागद जमवतो आहोत.

ताईने एवढेच विचारले, “भूल देतील ना?”

सोमवारी परळला जायचे आहे.