दोन मावशींमधले पंधरा दिवस

ज्या घरांत आई आणि वडील दोघेही सकाळी नऊच्या आत नोकरीवर निघतात, आजी-आजोबा गावी असतात आणि पाळणाघराच्या वेळा कचेरीच्या वेळांशी जुळत नाहीत, त्या घरांचा सारा व्यवहार मूल सांभाळायला येणाऱ्या बाईंच्या आधारावर किती निश्चिंतपणे चाललेला असतो, हे त्या बाई काम सोडतात त्या दिवशी उमगते. त्यांचे जाणे बहुधा कोणाच्या अपराधामुळे होत नाही. लेकीचे बाळंतपण येते, नवऱ्याचे दुखणे निघते, किंवा शेजारच्या सोसायटीत अधिक पगार मिळतो, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर यांतले प्रत्येक कारण रास्त असते. मला लिहावयाचे आहे ते त्या जाण्याच्या आणि दुसऱ्या बाई येण्याच्या मधल्या दिवसांत आपल्याकडून जी हयगय होते, तिच्याविषयी.

रूढ रीत अशी की महिनाअखेरीस जुन्या बाईंचा हिशेब चुकता करायचा, एक तारखेस नव्या बाईंना बोलवायचे, त्या ब्युरोमार्फत आल्या असल्या तर आधार कार्डाची प्रत ठेवून घ्यायची, दुधाच्या आणि जेवणाच्या वेळा सांगायच्या आणि रजा शिल्लक नाही म्हणून त्याच दिवशी कामावर हजर व्हायचे. सरकारी कचेरीत एखादा कारकून बदलून गेला तरी दप्तराची यादी होते, कपाटांच्या किल्ल्या मोजून दिल्या जातात, देणारा आणि घेणारा दोघेही चार्जच्या कागदावर सही करतात. आणि ज्याला आपली तक्रार कोणत्याही अर्जात मांडता येत नाही असे दीड वर्षाचे मूल मात्र एका रात्रीत एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

जॉन बोल्बी या इंग्रज मनोवैद्यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी बालकांच्या मानसिक आरोग्यावर जो अहवाल लिहिला, त्याने आई आणि मूल यांच्या वियोगाकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टीच पालटली. त्यांचे स्वतःचे बालपण दायांच्या हाताखाली गेले होते, आणि त्यांची लाडकी दाई ते सुमारे चार वर्षांचे असताना घर सोडून गेली होती. प्रेमाने सांभाळणारी दाई दोन-चार वर्षांच्या मुलाला सोडून जाते तेव्हा त्या मुलावर कोसळणारे दुःख मातृवियोगाच्या जवळपास जाणारे असते, असे त्यांनी पुढे लिहिले. आठव्या महिन्याच्या सुमारास मूल ओळखीचे आणि परके यांत भेद करू लागते आणि पुढचे वर्षभर विरहाची भीती त्याला विशेष जाचते. नेमक्या याच वयात आपल्या घरांतून बाया बदलतात, कारण आईची प्रसूतिरजा कायद्याने फार तर २६ आठवड्यांची असते.

माझ्या परिचयाच्या एका घरी जुन्या मावशी साडी नेसणाऱ्या होत्या आणि बाळाला झोपताना त्यांच्या पदराचा काठ मुठीत धरण्याची सवय होती. त्यांच्या जागी आलेली मुलगी मोठी मायाळू होती, पण ती पंजाबी ड्रेस घालणारी; पहिल्या दुपारी बाळाचा हात तिच्या खांद्यावरून काहीतरी धुंडाळीत राहिला आणि शेवटी रडून रडून ते थकून झोपले. घरात कोणालाच त्याचे कारण सांगता येईना, कारण ही सवय आईवडिलांनाही ठाऊक नव्हती. तिसऱ्या दिवशी फोन केल्यावर मावशींनी ती सांगितली, वापरून मऊ झालेली एक जुनी साडी पाठवून दिली, आणि दुपार सुरळीत झाली.

अशा गोष्टी कागदावर लिहून देता येत नाहीत. त्या एकीच्या हाताशेजारी दुसरीचा हात असेल तेव्हाच पोहोचतात. म्हणून माझा आग्रह आहे की निदान पंधरा दिवस दोघींनी घरात एकत्र असावे. आरंभी नव्या बाईंनी त्याच खोलीत भाजी निवडावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात, बाळाला त्यांच्याकडे न्याहाळू द्यावे. मग मऊ भाताचा घास त्यांनी भरवावा आणि जुन्या मावशींनी शेजारी बसावे. मग मावशींनी तासभर बाहेर जाऊन यावे. झोपवण्याचे काम सर्वांत शेवटी द्यावे, कारण झोपेच्या वेळी मूल सर्वाधिक असहाय असते. या दिवसांत दोन पगार द्यावे लागतात आणि मध्यमवर्गीय घराला ते जड जातात, हे मान्य आहे. पण वाढदिवसाच्या समारंभासाठी आपण जो खर्च अंगावर घेतो, त्याच्यापुढे हा खर्च अगत्याचा ठरावा. बाई अकस्मात सोडून गेल्या तर आईने आणि वडिलांनीही रजा वाटून घ्यावी.

आणि मुलाशी असत्य बोलू नये. 'मावशी दुकानात गेल्यात, येतील हं' असे सांगितले की ते मूल संध्याकाळपर्यंत दाराकडे पाहत राहते आणि पुढे आई दाराबाहेर पडली तरी तिच्या परतण्यावर त्याचा भरवसा उरत नाही. निरोप उघडपणे, दिवसाउजेडी व्हावा. मूल रडले तर रडू द्यावे. पुढेही मावशींचा फोन यावा, त्यांनी कधी भेटून जावे. हे टाळण्याच्या मुळाशी पुष्कळदा आईच्या मनातील असूया असते. ती स्वाभाविक आहे, पण तिची किंमत मुलाने देणे अन्यायाचे आहे.

राहिल्या जाणाऱ्या बाई. शंभूराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊला सालीना होनांची नेमणूक होती. आज महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा २००८ चा अधिनियम आहे, तरीही निरोपाच्या दिवशी बाईंच्या हाती काय पडावे हे मालकाच्या मर्जीवरच राहते. कारखान्यातील कामगारांसाठी १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाचे माप घालून दिले. तेच माप आपण आपल्या घरी, पाच वर्षांची अट न घालता, स्वखुशीने लावावे. बाईंनी सोडून जाऊ नये म्हणून एक महिन्याचा पगार अडकवून ठेवण्याची जी चाल काही घरांत आहे, ती सरळ सरळ जुलमाची आहे. ज्यांच्या घरी हा बदल लवकरच व्हायचा आहे त्यांना माझी विनंती आहे की नव्या बाईंना पंधरा दिवस आधी बोलवा, दोघींचेही पगार द्या, आणि जुन्या मावशींची ती रक्कम आजच बाजूला काढून ठेवा.