दलाल गेला, त्याचे काम राहिले

शहरातल्या शेतकरी आठवडे बाजारावर एक फलक हमखास झळकतो : ‘शेतकऱ्याकडून थेट ग्राहकाला! ताजे आणि स्वस्त!’ वर नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो, त्यांच्याही वर त्यांच्या नेत्यांचे फोटो. माल कोणत्या गावाहून आला, हे तेवढे कुठे लिहिलेले नसते. ते असो. ताजेपणाबद्दल आमची तक्रार नाही; सकाळी काढलेली भाजी दुपारी समोर येते, हे खरेच आहे. पण थेट मिळते म्हणून ती स्वस्तच मिळाली पाहिजे, हे कुणी ठरवले?

हिशेब वरवर सोपा वाटतो. मधली साखळी तुटली की तिचा नफा वाचला; थोडा शेतकऱ्याला, थोडा गिऱ्हाइकाला. 2016 च्या जुलैत राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला, संत सावता माळी यांच्या नावाने आठवडे बाजारांची मोहीम निघाली, आणि तेव्हापासून ‘दोघांचाही फायदा’ हे वाक्य उद्घाटनाच्या प्रत्येक भाषणात असते. आकडेही त्याच्या बाजूने उभे करता येतात. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी 2024 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, गिऱ्हाइकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे 33 पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्यात 36, बटाट्यात 37. उरलेले वाटेत जिरतात. मात्र जिरते ती सगळी दलाली नव्हे. त्यात गाडीभाडे आहे, हमाली-तोलाई आहे, तळाशी दबून फुटलेले टोमॅटो आहेत, गाळ्याचे भाडे आहे, आणि दिवसभर हातगाडीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची रोजीही आहे. शेतकरी स्वतः येऊन बसला म्हणून यातले नेमके काय संपले? मधला माणूस उठला, पण त्याचे काम जागेवरच राहिले आणि ते शेतकऱ्याने अंगावर घेतले. मग त्या कामाचे पैसे त्याने का सोडावेत?

मेथीचेच घ्या. समजा, एखाद्या अल्पभूधारकाने दीडशे जुड्या आणल्या. काढायला आणि बांधायला दोन बायांची हजेरी सहाशे. चौघांत मिळून केलेल्या छोट्या हत्तीतला वाटा पाचशे. जागेची पावती शंभर, पिशव्या-चहा-वडापाव शंभर. झाले तेराशे. ओले गोणपाट टाकून, पाणी शिंपडून जपले तरी संध्याकाळपर्यंत तीसेक जुड्या मान टाकतात. विकल्या गेल्या एकशेवीस. म्हणजे प्रत्येक जुडीवर जवळपास अकरा रुपये नुसते काढणीपासून विक्रीपर्यंतचे. बी, पाणी, खुरपणी आणि घरच्या माणसाचा मोडलेला दिवस अजून धरलेलाच नाही. जुडी पंधराला गेली तर हातात पाचशे राहतात, आणि त्यातून हे सगळे भागवायचे. ‘दहाला द्या हो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचे सगळ्यांनीच ऐकले, तर शंभर रुपये पदरचे घालून तो घरी जातो. वीसला विकली तर अकराशे उरतात. मेथीला वीस रुपये ऐकले की आपल्या भुवया उंचावतात. ते अकराशे कशाकशात वाटले जाणार आहेत, ते कुणी विचारत नाही.

आता तर घासाघीस मोबाइल पुढे धरून होते. पुण्यात वर्तमानपत्रे मार्केट यार्डाचे भाव छापतात ते फळभाज्यांचे दहा किलोला आणि पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांना. एखादे काका ते वाचून बाजारात येतात. ‘यार्डात मेथी आठशे शेकडा आहे, म्हणजे आठ रुपये जुडी. तुम्ही वीस कसले सांगता?’ भागाकार बरोबर आहे. पण यार्डात शेतकरी माल उतरवतो, लिलाव होतो, पट्टी घेऊन तो गावची वाट धरतो. इथे त्याची बायको उन्हात सहा तास बसते, एकेक जुडी सोडून दाखवते, वर कढीपत्त्याची काडी फुकट देते, पाचशेच्या नोटेला सुटे शोधते. ‘काका, शेकड्यानं घेता का? आठनं देते,’ असे एखादी ठसक्यात म्हणते तेव्हा काका पुढच्या टेबलाकडे सरकतात.

घाऊक भाव ही शेतकरी बाजाराची मोजपट्टीच नव्हे. इथे शेतकरी किरकोळ विक्री करतो आहे. त्याचा भाव कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याइतका असावा. माल त्याच दिवशीचा, निवडलेला असेल तर दोन रुपये अधिकही असावा. दक्षिणेतल्या राज्यांनी हा प्रश्न आपापल्या रीतीने सोडवला. आंध्रात 1999 मध्ये रयतू बाजार निघाले, त्याच वर्षी तमिळनाडूत मदुराईपासून उळवर संदै सुरू झाली. दोन्हींकडे रोज सकाळी भाव ठरवून फळ्यावर लिहायचे, घाऊकपेक्षा वर आणि किरकोळपेक्षा खाली, अशी पद्धत. फळा चांगला, त्यामुळे गिऱ्हाइकाची कटकट वाचते आणि नवख्या शेतकऱ्याला आधार मिळतो. पण ‘किरकोळपेक्षा खाली’ ही अट तिथेही शेतकऱ्याच्याच खात्यावर टाकलेली आहे. जागा आणि वाहतूक सरकारने पुरवली तर ती एक वेळ परवडेल. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिवसाची पावती फाडून वर तीच अपेक्षा ठेवायची, हे कुठले गणित?

दोष गिऱ्हाइकाच्याच माथी मारून भागणार नाही. बहुतेक शेतकरी भाव ठरवतो तो शेजारच्या कॅरेटकडे पाहून. त्याने चाळीस लावला की हा पस्तीस, मग पलीकडचा तीस. त्यात कुणीतरी परसातली चार वांगी हौसेने घेऊन आलेला असतो. त्याला खर्चाचे सोयरसुतक नसते, तो पंचवीसने देऊन मोकळा होतो आणि ज्याचे घर वांग्यावर चालते तो हात चोळत बसतो. शहरात भाव पावाने बोलतात, शेतकरी मनात किलो आणि कॅरेट धरतो. वीस रुपये पाव म्हणजे ऐंशी रुपये किलो, हे गिऱ्हाइकाला जड वाटत नाही; पण ‘ऐंशी किलो’ असे शेतकऱ्याने सांगितले की तेच गिऱ्हाईक दचकते. हातगाडीवाल्याला हे पाठ असते. शेतकऱ्यानेही पाटी पावाची लावावी, आणि मोठ्या अक्षरात लावावी. लिहिलेल्या भावाशी लोक कमी भांडतात.

दुसरी भानगड अधिक गंभीर आहे. पहाटे यार्डातून माल उचलायचा, डोक्याला टोपी घालायची आणि ‘आमच्या शेतातला’ म्हणून विकायचा, असे व्यापारी या बाजारांत शिरतात. ओळखणे अवघड नाही. एका टेबलावर बावीस प्रकारच्या भाज्या, बारा महिने, शिवाय सफरचंदे असतील, तर ते शेत कुठल्या तालुक्यात आहे ते विचारावे. शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी अनेकांचा माल एकत्र आणते, ते निराळे. पण मग गावांची नावे टेबलावर असायला काय हरकत आहे? असा व्यापारी भाव पाडू शकतो, कारण त्याने माल घाऊकात घेतलेला असतो. त्याला हुडकून बाहेर काढणे हे आयोजकाचे काम. आयोजक ते करत नाही, कारण पावतीचे पैसे दोघांकडून सारखेच येतात.

आणि मग रात्रीचे आठ. उरलेला माल परत नेण्यापेक्षा ‘घ्या, दहाला दोन’ सुरू होते. नेमाने येणारी गिऱ्हाइके हे शिकतात आणि पुढच्या आठवड्यापासून आठलाच येतात. चार वाजता पूर्ण भाव देणारा मूर्ख ठरतो. शेवटच्या तासात भाव पाडू नका, हा उपदेश आम्ही सहज करू, पण गावाकडची गाडी नऊला सुटते आणि मान टाकलेली मेथी उद्या म्हशीपुढेच टाकावी लागणार असते. सोसायटीच्या समितीला शेतकऱ्यासाठी खरोखर काही करायचे असेल, तर एवढेच करावे : जवळच्या एखाद्या खानावळीशी किंवा डबे देणाऱ्या महिला गटाशी बोलून उरलेली भाजी आधी ठरलेल्या भावाने उचलण्याची सोय लावावी, आणि ज्याचा निम्मा माल उरला त्याच्याकडून त्या दिवशीची पावती घेऊ नये.